विश्लेषण : साहित्यातले जंगल नेहमी अंधारेच का? हा अंधार झाडांचा की पाहणाऱ्याचा?

उद्धट माणसाला मराठीत ‘रानटी’ म्हणतात आणि करवंदे-जांभळांना ‘रानमेवा’. हालअपेष्टांच्या काळाला ‘वनवास’ म्हणतात आणि शहरातला दमलेला माणूस चार दिवस सुट्टी मिळाली, की वनातच जातो. एकाच जागेविषयीच्या या दोन उलट भावना केवळ मराठीतल्या नाहीत. युरोपातील परीकथांपासून चिनी विज्ञानकथेपर्यंत जंगल आणि काळोख ही जोडी भीती, पाप, अज्ञान आणि मृत्यू यांचे प्रतीक म्हणून वापरली गेली. त्याच साहित्यात जंगल हे आश्रयस्थान, शाळा आणि घरही आहे. मग हा अंधार नेमका कोणाचा? हे प्रतीक कसे घडले आणि खऱ्याखुऱ्या जंगलावर व तिथे राहणाऱ्या माणसांवर त्याचा काय परिणाम झाला, याचा हा आढावा.

अंधाऱ्या अरण्याची प्रतिमा कुठून आली?

पाश्चात्त्य साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध अंधारे अरण्य इटालियन कवी दांते याचे. ‘डिव्हाइन कॉमेडी’ या चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महाकाव्याची सुरुवातच जंगलात होते. कथेचा काळ सन १३०० चा. पस्तिशीतला कवी आयुष्याच्या मध्यावर वाट चुकतो आणि काळोख्या झाडीत सापडतो. हे अरण्य म्हणजे नैतिक गोंधळ, असा त्याचा अर्थ शतकानुशतके शिकवला गेला. दांतेला १३०२ मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार करण्यात आले होते आणि हे काव्य त्याने परागंदा अवस्थेत लिहिले, हेही लक्षात घ्यावे लागते.

मात्र याच काव्यात आणखी एक जंगल आहे आणि त्याची चर्चा कमी होते. नरक ओलांडून, शुद्धीचा पर्वत चढून कवी माथ्यावर पोहोचतो, तेव्हा तिथेही त्याला दाट अरण्यच लागते. तेही सावलीचे आहे. पण तिथे पक्षी गातात, झरा वाहतो आणि कवी रमतगमत चालतो. हा पृथ्वीवरचा स्वर्ग. म्हणजे सुरुवातीला जंगल आणि शुद्धीनंतरही जंगलच. फरक पडला तो चालणाऱ्याच्या मनःस्थितीत. पहिल्या अरण्यात त्याला वाट सापडत नव्हती, दुसऱ्यात वाट शोधण्याची घाई उरलेली नाही.

परीकथांतील जंगल इतके भयंकर का?

जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांची गोष्ट जगभरातील मुलांच्या मनात जंगलाची धास्ती बसवून गेली. पण गोष्ट नीट वाचली, तर संकट जंगलात सुरू होत नाही. दुष्काळ पडलेला असतो, घरात खायला नसते आणि आईवडीलच मुलांना झाडीत सोडून येतात. पहिल्या आवृत्तीत सख्खी आईच हा डाव रचते; पुढच्या आवृत्त्यांत ग्रिम बंधूंनी तिची सावत्र आई केली. मुलांना पहिल्यांदा घरी परत आणतात ते चांदण्यात चमकणारे पांढरे खडे. ते दिसतात रात्र असल्यामुळेच. मुलांना खाऊ पाहणारी चेटकीण राहते, तीही चार भिंतींच्या घरात.

उपासमार, सोडून दिलेली मुले, कुटुंबातली क्रूरता या गोष्टी घराच्या नावाने सांगणे अवघड होते. जंगलाच्या नावाने सांगणे सोपे. भीती घरातली, पत्ता मात्र झाडीचा, अशी ही वाटणी पुढे अनेक कथांत दिसते.

‘जंगल’ या शब्दातच अंधार आहे का?

नाही, आणि हीच गंमत आहे. संस्कृत ‘अरण्य’ हा शब्द ‘अरण’ म्हणजे दूरचे, परके याच्याशी जोडला जातो. गावापासून लांब असलेली जागा ती अरण्य. ‘जंगल’ हा शब्द ‘जांगल’वरून आला, पण आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश. पाणथळ प्रदेशाला आनूप आणि मधल्याला साधारण म्हणतात. पुढे अर्थ सरकत गेला. इंग्रजीने हा शब्द भारतातून उचलला, त्याला घनदाट, दमट वर्षावनाचा अर्थ चिकटला आणि तोच आज आपल्यालाही मूळचा वाटतो.

इंग्रजीतील ‘फॉरेस्ट’ तर मुळात कायद्याचा शब्द. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला मुलूख म्हणजे फॉरेस्ट. त्यात माळरान आणि वस्त्याही असत. त्याची व्युत्पत्ती ‘बाहेर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडली जाते. या राखीव मुलखात सामान्यांना सरपण, चराई यांचे हक्क काही प्रमाणात परत मिळावेत यासाठी १२१७ मध्ये ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ ही सनद काढावी लागली.

म्हणजे एका शब्दात ‘परके’, दुसऱ्यात ‘कोरडे’, तिसऱ्यात ‘राखीव’. झाडांची गर्दी किंवा काळोख यांपैकी एकातही नाही. मराठीने तर अरण्याचे ‘रान’ केले आणि त्याची दहशतच काढून टाकली. देशावर आजही ‘बाबा रानात गेलेत’ म्हणजे शेतात गेलेत.

अंधारात वाट खरेच चुकते का?

रात्री रानातून जाताना माणूस त्याच त्या ठिकाणी पुन्हा येतो, उजाडेपर्यंत गोल फिरत राहतो, याला कोकणात आणि घाटावरही ‘चकवा लागणे’ म्हणतात. चकवा हे भुताचे नावही आहे. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये याची तपासणी केली. सहा जणांना सपाट, मोठ्या जंगलात काही तास सरळ चालायला सांगितले आणि जीपीएसने त्यांचा माग ठेवला. ढगाळ दिवशी चाललेले चौघेही गोल फिरले. त्यांतील तिघांनी स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना ते कळलेही नाही. सूर्य दिसत असताना चाललेले दोघे मात्र जवळजवळ सरळ गेले. सहारा वाळवंटात रात्री चालणाऱ्या एकाची दिशा चंद्र दिसेनासा होताच बिघडली. डोळे बांधून चालवलेल्यांच्या काही फेऱ्यांचा व्यास तर अवघा २० मीटर होता.

याचे कारण असे, की सरळ चालण्यासाठी मेंदूला बाहेरची एखादी खूण लागते. सूर्य, डोंगर, मनोरा काहीही चालते. ती नसेल, तर ‘सरळ म्हणजे कुठे’ याचा शरीराचा अंदाज पावलागणिक थोडाथोडा ढळतो आणि चुका साचत जातात. म्हणजे वाट चुकण्याचे प्रतीक हवेत तयार झालेले नाही. त्यामागे शरीराचा अनुभव आहे. पण तो अनुभव खुणा न ओळखणाऱ्याचा आहे. ज्याला प्रत्येक झाड, ओढा आणि पाणवठा नावाने ठाऊक आहे, त्याच्यासाठी तेच जंगल खुणांनी भरलेले असते.

जगातील सर्वांत जुन्या महाकाव्यात जंगल कसे आहे?

मेसोपोटेमियातील गिल्गमेश हे महाकाव्य जगातील सर्वांत जुन्या साहित्यकृतींपैकी एक. त्यात राजा गिल्गमेश आणि त्याचा मित्र एन्किडू देवदारांच्या अरण्यात जातात, रक्षक हुंबाबाला ठार करतात आणि झाडे तोडून आणतात. राक्षसवध, शौर्य, कीर्ती असा त्याचा सरळ अर्थ लावला जात होता.

इराकी कुर्दिस्तानमधील सुलेमानिया येथील संग्रहालयाने २०११ मध्ये काही मातीच्या पाट्या विकत घेतल्या. त्यांतील एक याच काव्याच्या पाचव्या भागाची निघाली. अभ्यासक फारूक अल-रावी आणि अँड्र्यू जॉर्ज यांनी २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा आधी माहीत नसलेला मजकूर हाती आला. त्यात हे अरण्य भयाण आणि मुके नाही. पक्ष्यांचा, रातकिड्यांचा, माकडांचा तिथे गजबजाट आहे आणि तो जणू हुंबाबाच्या दरबारातला वाद्यमेळ आहे. शिवाय झाडे तोडून झाल्यावर आपण अरण्याचे ओसाड रान केले, याची बोच एन्किडूच्या तोंडून व्यक्त होते. एन्किडू स्वतः रानात, जनावरांसोबत वाढलेला. जंगलतोडीची टोचणी ही आधुनिक पर्यावरणवाद्यांची देणगी नसून ती हजारो वर्षे जुनी आहे, हे या पाटीने दाखवले.

भारतीय परंपरेत अरण्य आणि अंधार यांचे स्थान काय?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अरण्यानी या वनदेवतेचे सूक्त आहे. त्यातही आधी येतात ते आवाज. संध्याकाळी रानात थांबलेल्याला कुठे गाडी करकरल्याचा, कुठे कोणी गाईला हाक मारल्याचा, कुठे कोणी ओरडल्याचा भास होतो. पण वनदेवता आपणहून कोणाला मारत नाही आणि नांगरट न करताही अन्न देते, असे हे सूक्त सांगते. त्याच मंडलातील रात्रीसूक्तात रात्र ही माणसांना, जनावरांना, पाखरांना घरट्याकडे आणणारी देवता आहे. तिच्याकडे मागणे आहे ते लांडगा आणि चोर यांना दूर ठेवण्याचे. नासदीय सूक्तातील आरंभीचा अंधार तर पापाचा नाही. सृष्टी अजून व्हायची आहे, याचा तो अंधार आहे.

अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची सुप्रसिद्ध प्रार्थना बृहदारण्यक उपनिषदातील आहे. ग्रंथाच्या नावातच ‘आरण्यक’ आहे. वस्तीपासून दूर, रानात शिकायची विद्या ती आरण्यक. प्रकाश मागणारे लोक तो मागण्यासाठी जंगलात बसले होते, हे विसरता येत नाही.

रामायण-महाभारतात चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. दंडकारण्य हे राक्षसांचे आणि ऋषींचेही ठिकाण. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात सीता रामाला हटकते. ज्यांनी आपले काही बिघडवले नाही, त्यांच्यावर वनात शस्त्र का उचलायचे, असा तिचा प्रश्न आहे. हाती शस्त्र आले म्हणून क्रूर बनलेल्या तपस्व्याची गोष्टही ती सांगते. महाभारतातील खांडववनाचे दहन हा याहून कठोर प्रसंग. कृष्ण आणि अर्जुन दोन्ही बाजूंनी वाट अडवतात आणि आगीतून पळणाऱ्या जिवांना मारतात. तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले एवढेच वाचतात. वाचलेल्या मयाकडूनच पुढे पांडवांची मयसभा उभी राहते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगाकडे देवाच्या भुकेची कथा म्हणून न पाहता, नव्या वस्तीसाठी जमीन मोकळी करण्याचा निर्दय प्रकार म्हणून पाहिले. या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१८९९ हे वर्ष या चर्चेत महत्त्वाचे का?

त्या वर्षी जंगलाच्या दोन कथा एकाच वेळी घडत होत्या. एडिनबर्गच्या एका मासिकात फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान जोसेफ कॉनरॅड यांची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही दीर्घकथा क्रमशः प्रसिद्ध झाली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी मालकीच्या काँगोत हस्तिदंत आणि रबरासाठी लोकांवर अनन्वित अत्याचार सुरू होते. कॉनरॅड १८९० मध्ये तिथल्या नदीवरील बोटीवर काम करून आले होते. त्यांच्या कथेत खरा काळोख युरोपीय लोभाचा आहे आणि तो थेम्स नदीपर्यंत पोहोचतो. पण तो दाखवण्यासाठी त्यांनी वापरले ते आफ्रिकेचे जंगल. त्याच १८९० मध्ये प्रवासी हेन्री स्टॅन्ले यांच्या पुस्तकाने ‘अंधारा आफ्रिका खंड’ ही प्रतिमा घरोघरी पोहोचवली होती.

नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील व्याख्यानात यावर थेट हल्ला चढवला. एका युरोपीय माणसाचे मन कसे ढासळले हे सांगण्यासाठी आख्ख्या खंडाचा पडदा करायचा आणि तिथल्या माणसांना भाषाही द्यायची नाही, हा वंशवाद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावरील वाद आजही विद्यापीठांत सुरू आहे.

कॉनरॅड यांची कथा छापून आली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात छोटा नागपूरमध्ये बिरसा मुंडा यांचे ‘उलगुलान’ पेटले. जमीन आणि जंगलावरील हक्क हिरावले जात असल्याचा हा उद्रेक होता. बिरसांना अटक झाली आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. महाश्वेतादेवींनी या लढ्यावर बंगालीत कादंबरी लिहिली, तिचे नाव ‘अरण्येर अधिकार’, म्हणजे अरण्याचा हक्क. तिला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका कथेच्या नावात काळोख, दुसरीच्या नावात हक्क. दोन्हींतील काळ एकच आणि जंगलावर बाहेरून आलेली सत्ता हे संकटही एकाच जातीचे. बदलली ती लेखकाची उभे राहण्याची जागा.

जंगलाची भीती ही फक्त बाहेरच्यांनी रचलेली का?

असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. जंगलाच्या कुशीत राहणारेही जंगलाला भितात. पण त्यांच्या भीतीला नियम असतात. सह्याद्रीतील देवराई हे त्याचे जवळचे उदाहरण. देवाच्या नावाने राखलेल्या या राईत दिवसाही काळोख असतो. तिथली वाळलेली काडीही उचलायची नाही, असा अनेक गावांचा दंडक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि या भीतीने किती वनसंपदा जपली, हे विज्ञानाच्या भाषेत समोर आले. इथे अंधार शत्रू नाही, तो राखणदार आहे.

अचेबे यांच्याच ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीत गावाचे एक ‘दुष्ट अरण्य’ आहे. नवे आलेले मिशनरी जागा मागतात, तेव्हा गावकरी त्यांना मुद्दाम त्याच अरण्यात जागा देतात. ते चार दिवसांत मरतील, अशी सर्वांची खात्री. ते मरत नाहीत. आणि गावाचा धाक, त्याबरोबर गावाची व्यवस्थाही तिथूनच खचू लागते. भीती गेली की काय काय जाते, याचे हे मोजमाप आहे. देवराईचा धाक संपल्यावर तिथे कुऱ्हाड पोहोचते, हे महाराष्ट्रातील अनेक गावांनी पाहिले आहे.

मराठी लेखकांनी रान आणि काळोख कसा पाहिला?

मराठीत काळोखाचे नाव घेताच जी. ए. कुलकर्णी आठवतात. ‘काजळमाया’, ‘सांजशकुन’, ‘पिंगळावेळ’ ही शीर्षकेच कमी उजेडातली. पण जीएंचा अंधार झाडांखालचा कमी आणि माणसाच्या नियतीचा अधिक.

रानाच्या बाजूला चित्र वेगळे आहे. तुकाराम महाराजांनी झाडावेलींना सोयरे म्हटले, ते एकांत आवडू लागला म्हणून. ना. धों. महानोर यांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) मधील रान अजिंठ्याच्या परिसरातील शेतामातीचे आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांचा सत्तासंघर्ष आहे. हिंसा आहे, पण ती रानाच्या अंधारावर ढकललेली नाही. ती टोळीच्या नियमांनी चालते. या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वनाधिकारी राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानातील नावे गोळा केली. पाखरांची, झाडांची, आदिवासींकडून कळलेल्या खुणांची. ज्याला नाव आहे, त्याची भीती कमी होते, हे त्यांच्या लेखनाने मराठी वाचकाला शिकवले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले.

तरीही हे सारे लेखन रानात गेलेल्यांचे. रानातून आलेल्यांचे लेखन मराठीत उशिरा पोहोचले. भुजंग मेश्राम यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘उलगुलान’ हे नाव दिले. वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत आदिवासी खालीच बसून राहतात आणि त्यांचे दुःख दुसरेच मंचावरून त्यांना सांगतात. प्रतीक कोण घडवतो, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

आजच्या साहित्यात हे प्रतीक कुठे दिसते?

थेट अंतराळात. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या ‘द डार्क फॉरेस्ट’ (२००८) या कादंबरीत विश्व हेच एक अंधारे जंगल आहे. प्रत्येक संस्कृती म्हणजे दबा धरून बसलेला शिकारी. जो आवाज करील, तो मरेल. म्हणून सगळे गप्प. विश्वात इतके तारे असूनही कोणाचाच संदेश का येत नाही, या प्रश्नाला दिलेले हे काल्पनिक उत्तर इतके गाजले, की समाजमाध्यमांवर मौन पाळणाऱ्यांसाठीही ‘डार्क फॉरेस्ट’ हा शब्द वापरला जाऊ लागला.

मात्र खरे जंगल या गृहीतकाप्रमाणे वागत नाही. रात्रीचे रान गोंगाटाचे असते. वाघ दिसला की वानर आणि चितळ मोठ्याने इशारा देतात आणि तो इशारा इतर प्राणीही ऐकतात. बोलण्याची किंमत मोजावी लागते, हे खरे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत बेडकांच्या आवाजावर नेम धरून शिकार करणारी वटवाघळे आहेत. तरी पावसाळ्यात बेडूक गप्प बसत नाहीत. गिल्गमेशची पाटी लिहिणाऱ्याला आणि अरण्यानीच्या ऋषीला जे ऐकू आले, ते डोळ्यांवर विसंबलेल्या पुढच्या लेखकांना ऐकू आले नाही. अंधार डोळ्यांना असतो, कानांना नाही.

प्रतीकाने प्रत्यक्षात काय फरक पडतो?

भारतात ब्रिटिशांनी १८६४ मध्ये वनखाते स्थापन केले. १८७८ च्या वन कायद्याने सरकारी ठरवलेली कोणतीही वनजमीन किंवा ‘पडीक’ जमीन राखीव जंगल म्हणून घोषित करण्याची मुभा सरकारला दिली. जिथे चराई, मध, मोहफुले, कंदमुळे यांवर कुटुंबे जगत होती, ती जागा कागदावर रिकामी ठरली. जंगल म्हणजे कोणीच नसलेली, अंधारी, ताब्यात घेण्याजोगी जागा, ही साहित्यातली कल्पना आणि ही कायद्याची भाषा एकमेकींना पूरक होत्या. आत राहणारा एक तर दिसतच नाही किंवा दिसला तर ‘रानटी’ म्हणून दिसतो.

विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘आरण्यक’ (१९३९) या बंगाली कादंबरीत ही प्रक्रिया आतून दिसते. कोलकात्याचा सत्यचरण बिहारमधील जंगलाच्या जहागिरीवर व्यवस्थापक म्हणून जातो. आधी त्याला एकटेपणा खायला उठतो. मग तो जंगलाच्या प्रेमात पडतो. पण त्याची नोकरीच जंगल तोडून जमीन कुळांना देण्याची असते आणि तो ती चोख बजावतो. प्रेम आणि कुऱ्हाड एकाच हातात असू शकतात, हे या कादंबरीने सांगितले.

संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा मंजूर केला. वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली त्याच्या प्रस्तावनेतच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये या कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. हा सारा परिसर दंडकारण्याचा. पुराणात राक्षसांचा, बातम्यांत अनेक वर्षे चकमकींचा आणि वर्णनांत ‘किर्र काळोखी’ जंगलाचा. त्याच दंडकारण्यातल्या एका ग्रामसभेने आपल्या जंगलातील बांबू कधी आणि किती तोडायचा, हे बैठकीत बसून ठरवायला सुरुवात केली. या जंगलाविषयीच्या कुठल्याच जुन्या कथेत अशा बैठकीला जागा नव्हती.